सालीचं चालते

पौष लागला की वर्ध्याच्या भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. हिरव्या, अंगावर जांभळट रेघा असलेल्या, हाताला किंचित चिकट लागणाऱ्या. बायको पिशवीभर घेऊन येते, अंगणात उन्हात बसून निवडते आणि मिठाच्या पाण्यात घालून गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून उकडायला ठेवते. पूर्वी चुलीवर ठेवायची, आता गॅसवर ठेवते, पण वास तोच. ओल्या पाल्याचा, मातीचा आणि मिठाचा मिळून एकच वास घरभर फिरतो. आमच्या भागातल्या माणसाला या वासाने भूक लागते. मला लागत नाही. शेंगा मी खातो, चार-दोन, बायकोचं मन राखायला. पण त्याच शेंगा सोलून तिने सोल्यांची, म्हणजे आतल्या ओल्या दाण्यांची, भाजी केली, लसूण-मिरचीची फोडणी दिली, की मी ताक-भातावर भागवतो. मास्तरांना सोले चालत नाहीत, असं आमच्या घरात केव्हाच ठरून गेलं आहे. सुनांनाही ते सांगून ठेवलेलं आहे. चाळीस वर्षांत मी हा समज दुरुस्त केला नाही, कारण दुरुस्त करायचा तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

यंदा मात्र सांगावंसं वाटतं आहे, आणि त्याला निमित्त झालं ते बॅडमिंटनच्या हॉलचं. माझी नात तिथे खेळायला जाते, मी तिला सोडायला जातो. हॉल कोणा एकाच्या मालकीचा आहे. नवा आहे, गुळगुळीत आहे, आणि दारावर पाटी आहे की बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. परवा नातीच्या डब्यात उकडलेल्या शेंगा होत्या. दारावरच्या माणसाने डबा काढून बाहेरच्या फळीवर ठेवला. पोर खेळायला पळाली. बाहेर बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांत मात्र वाद पेटला. एक म्हणाला, जागा त्याची, फरशी त्याची, साली कोण झाडणार? दुसरा म्हणाला, तासभर नाचून पोरांना भूक लागते, त्यांनी काय याच्याच दुकानातले वेफर घ्यायचे? मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त हेडमास्तर, माझं मत घेण्याची त्यांची रीत आहे. मी म्हटलं, नियम आहे. एवढंच म्हटलं आणि फळीवरच्या त्या डब्याकडे पाहत बसलो.

असा नियम मी स्वतः लिहिलेला आहे. सेलूला, मंडळाच्या मैदानावर, नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात.

तेव्हा मी पंचविशीत होतो. सेलूच्या शाळेत लागून दोन-तीन वर्षं झाली होती, अंगात खादी होती आणि डोक्यात बरंच काही होतं. मैदान भैयाजींचं होतं. भैयाजी म्हणजे गावातले जुने जमीनदार. केळीच्या बागा, सरकीचा व्यापार, मोठं घर, पण स्वतः जाडंभरडं नेसायचे आणि एक वेळ जेवायचे. गावातली तरुण पोरं पत्ते कुटत बसतात म्हणून त्यांनी स्वतःची दीड एकर जागा साफ करून घेतली, काळी माती काढून मुरूम-वाळू टाकली, चारी बाजूंना तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण घातलं आणि हुतुतूचं मंडळ काढलं. मी त्या मंडळाचा चिटणीस. चिटणीस होण्याची माझी पात्रता एकच होती, माझं अक्षर चांगलं होतं.

पौषातल्या त्या संध्याकाळी अजून माझ्या अंगावर येतात. पाच वाजले की ऊन पिवळं होऊन जमिनीसरशी यायचं. बागांकडून ओलसर गारवा निघायचा. रस्त्याने कापसाच्या बैलगाड्या जायच्या, त्यांतून उडालेला कापूस कुंपणाच्या काड्यांना लटकायचा. आम्ही लंगोट कसून उघड्या अंगाने त्या थंडीत उतरायचो, आणि दोन चढाया झाल्या की अंगातून वाफ निघायची. संक्रांतीला मोठे सामने असायचे. आर्वीचा संघ यायचा, हिंगणघाटचा यायचा. महिनाभर दुसरं काही सुचायचं नाही. मी फळ्यावर गणित लिहितानासुद्धा मनातल्या मनात दम धरून असायचो.

भैयाजींना खाण्याचं वेड होतं. म्हणजे न खाण्याचं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा आश्रमांची हवा होती आणि आहारावर बोलणारी माणसं गल्लोगल्ली भेटायची. कोणी मीठ सोडलेलं, कोणी शिजवलेलं सोडलेलं. भैयाजींनी पहिल्या वर्षी मैदानावर चहा बंद केला. चहावाला निमूट उठला आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसला, आणि खेळ संपला की आमचा अख्खा संघ रस्ता ओलांडायचा. भैयाजी बाकावर बसून ते पाहायचे आणि मान फिरवून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी भजी बंद केली. तेलकट खाऊन दम टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, आमच्यातला एकजण पोटभर भजी खाऊन चढाईला गेला आणि मध्यरेषेवरच ओकला होता. तेव्हा आम्ही हसलो. भैयाजींच्या खाण्याच्या नकला करायचो. खाण्याची बंदी ही हसण्यासारखीच गोष्ट आहे असं मला त्या वयात वाटत असे.

आमच्या संघाचा जीव श्रावणमध्ये होता. श्रावण माझ्याच वयाचा, केळीच्या बागांत मजुरी करायचा. उंच नव्हता, पण पाय असे की पकडीत सापडले तरी निसटायचे. चढाईला निघाला की समोरचे सात जण एकदम मागे सरायचे. त्याला वाचता येत नव्हतं. शाळेच्या एका खोलीत मी दिवेलागणीला मोठ्यांचा वर्ग घ्यायचो, तिथे तो दोन हिवाळे आला. पुस्तकं पुरत नव्हती, म्हणून मी पुठ्ठ्यांवर मोठाली अक्षरं काढून द्यायचो. माझ्या ‘ख’ला खाली एक वाकडी शेपूट येते, ती कोणत्याच छापील पुस्तकात नसते. श्रावण ख शिकला तो त्या शेपटीसकट. मी पुष्कळदा सांगितलं की ती काढून टाक, ती माझी खोड आहे. तो म्हणायचा, राहू द्या, तुमचं अक्षर वळखू येते. पहिल्यांदा त्याने स्वतःचं नाव लिहिलं त्या दिवशी तो पुठ्ठा छातीशी धरून घरी गेला, आणि मी त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

त्याची आई पारबताबाई. सगळा संघ तिला पारबतामाय म्हणायचा. नवरा नव्हता, हातात चांदीचं एक कडं, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. पौषात ती दुपारपासूनच तुरीच्या शेंगा उकडायची आणि खेळ सुटायच्या सुमारास गंज डोक्यावर घेऊन यायची. बसायची कुंपणाबाहेर, कडुनिंबाखाली. गंजावर पळसाची पानं झाकलेली असायची. ती बाजूला केली की वाफ वर यायची आणि आम्ही घामेजलेले, मातीने माखलेले, तिच्याकडे धाव घ्यायचो. आपण ओंजळ पुढे करायची, ती वरून शेंगा टाकायची. हात हाताला लागायचा नाही. पैसा खाली मातीत ठेवायचा, ती उचलून घ्यायची.

हे सगळं असं का, याचा विचार करायचं कोणाला कारण नव्हतं. श्रावणच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं गावात कोणी खात नसे. पाणी घेत नसे. पण शेंगेला साल असते. केळ्याला असते, संत्र्याला असते, तशी शेंगेलाही. वरची साल तिने शिवली तरी आतला दाणा आपलाच. हे कोणी पोथीत लिहिलेलं नव्हतं. सेलूच्या लोकांनी आपल्या जिभेच्या सोयीसाठी काढलेली ती पळवाट होती, कारण पारबतामायच्या हातच्या शेंगांना जी चव होती ती दुसऱ्या कोणाच्या शेंगांना नव्हती. सालीचं चालते, असं म्हणायचे. बामणाचा पोरगा म्हणायचा, तेल्याचा म्हणायचा, कुणब्याचा म्हणायचा. मीही म्हणत होतो. आणि मैदानात, त्या चार रेघांच्या आत, आम्ही श्रावणच्या मांड्यांना मिठ्या मारायचो, त्याचा घाम आमच्या ओठांवर यायचा, त्याच्या अंगाखाली आम्ही चिरडून निघायचो. त्याला साल लागायची नाही.

मग तो दसरा झाला. श्रावणच्या वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परत आली. घरातले देव उतरले, भिंतींना नवा चुना लागला. बाहेरून पाहता फारसं काही बदललं नव्हतं, तीच मजुरी, त्याच बागा. पण चालण्यात फरक पडला होता. पारबतामाय पूर्वी रस्त्याच्या कडेने चालायची, आता मधून चालू लागली. पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी ऊन कडक होतं आणि निंबाची सावली सरकली होती, तेव्हा मी तिला म्हटलं की माय, बाहेर उन्हात काय बसता, आत येऊन बसा. मी चिटणीस होतो. मला तो अधिकार आहे असं मला वाटलं. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, मग गंज उचलून आत आली आणि बाकाशेजारी बसली. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता. तो अभिमान आठवला की आजही मान खाली जाते.

माझं बोलणं तिने मनावर घेतलं, जेवढं मी स्वतः घेतलं नव्हतं तेवढं. चार दिवसांनी ती शेंगा घेऊन आलीच नाही. आली ती सोले घेऊन. शेंगा सोलून, दाण्यांची लसूण-मिरचीत परतलेली भाजी, आणि फडक्यात ज्वारीच्या भाकरी. विकायला नव्हे, संघाला खाऊ घालायला. सकाळपासून बसून सोलले असतील तिने ते दाणे, पंधरा-वीस माणसांना पुरतील एवढे. बोटांची टोकं काळी झाली होती. तिने भाकरीवर सोले घातले आणि सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे धरले.

“घ्या मास्तर,” ती म्हणाली. “आता साल काढून आणले.”

मला तिचं बोलणं कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. वाफाळलेले हिरवे दाणे, लसणाचा वास, आणि मला कडकडून भूक लागलेली. आणि मी म्हणालो, माय, आज पोट बरं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “मंग उद्या.”

आजूबाजूलाही तेच चाललं होतं. वस्तीतल्या सहा जणांनी खाल्लं, आणखी दोघांनी खाल्लं. बाकीच्यांत एकाला घरी पाहुणे आले होते, एकाचा सोमवार होता, एकाचा दात दुखत होता. एका संघात इतके उपवास आणि इतकी दुखणी मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा आणलं आणि पुन्हा मला विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझं पोट तिन्ही दिवस बरं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने विचारलं नाही. श्रावण बाजूला बसून खात होता, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडे पाहिलं.

असं का केलं मी? माझ्या वडिलांची भीती होती का? वडील तिकडे वरुडला, त्यांना कळण्याचा संभव नव्हता. घरमालकीण खोली काढून घेईल याची होती का? थोडी होती. पण खरं सांगायचं तर ती कारणं मी मागाहून जुळवली. त्या क्षणी फक्त हात पुढे झाला नाही. डोक्यात जे होतं ते हातापर्यंत पोचलंच नव्हतं. मी व्याख्यानं ऐकली होती, दिली होती, मोठ्यांचा वर्ग चालवत होतो, आणि एका भाकरीच्या तुकड्यापाशी मी शिवाशिव पाळणाऱ्या माझ्या आजोबांचाच नातू निघालो. याची लाज एवढी मोठी आहे की ती सांगायला मला म्हातारपण यावं लागलं.

आठवडाभरात गावात कुजबुज सुरू झाली. मैदानावर मुलांना काय खाऊ घालतात, कोण खाऊ घालतं, अशी. संक्रांत तीन आठवड्यांवर होती. चार घरचे बाप भैयाजींच्या ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, आमची पोरं येणार नाहीत. भैयाजींनी मला बोलावून घेतलं. भैयाजी वाईट माणूस नव्हते, हे मला ठासून सांगितलं पाहिजे. तरुणपणी त्यांनी आपली विहीर सगळ्यांना उघडी केली होती, आणि त्यापायी त्यांच्या बहिणीच्या लग्नात भाऊबंदांपैकी एकही पंगतीला बसला नव्हता. वाढलेली पानं तशीच उचलावी लागली होती. ते सांगताना त्यांचा आवाज बसायचा. एकदा सोसलेलं होतं त्यांनी. दुसऱ्यांदा सोसायची त्यांची तयारी नव्हती.

ते म्हणाले की मास्तर, आपण नियम करू. कोणाचं नाव घ्यायचं नाही. बाहेरचं खाणं मैदानावर बंद, सगळ्यांचंच. पटकीची साथ येऊन गेली, उघड्यावरचं खाणं वाईटच, कोणी काही म्हणू शकणार नाही. खेळाडूंना मंडळाकडून केळी मिळतील, संत्री मिळतील, भुईमूग मिळेल. मी म्हटलं, भैयाजी, हा नियम कोणासाठी आहे हे गावाला कळेल. ते म्हणाले, तिने पूर्वीसारख्या शेंगा आणाव्यात, निंबाखाली बसावं, त्याला माझी ना नाही, तसं तुम्ही तिला सांगा. मी पुन्हा काही बोलू लागलो. समतेबद्दल असेल, किंवा खेळाबद्दल असेल, आता आठवत नाही. भैयाजींनी मला थांबवलं. चिडून नव्हे, थकून.

“मास्तर, एक विचारतो, खरं सांगा,” ते म्हणाले. “तुम्ही तरी खाल्लं का?”

ओसरीवर घड्याळ होतं, त्याची टिकटिक मला ऐकू आली.  भैयाजींनी उठून आतून एक फळी आणली, पांढरा रंग दिलेली. ती आधीच तयार होती. काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला माझ्याकडे होताच, चिटणीस होतो ना मी.

हॉलबाहेरचे म्हातारे अजून त्या वादात आहेत, दर संध्याकाळी एक नवा मुद्दा निघतो. मालकाला अधिकार आहे की नाही? मला वाटतं, आहे. जागा ज्याची त्याने तिथे काय खावं हे ठरवावं, यात कायद्याने चूक काढता येणार नाही. भैयाजींच्या नियमातही काढता आली नसती. आरोग्य होतं, स्वच्छता होती, सगळ्यांना सारखा लागू होता. पण नियम कोणाच्या पोटावर येऊन बसतो हे पाटीवर कधी लिहिलेलं नसतं. नाव न घेता केलेला नियम मला तेव्हापासून जास्त भयंकर वाटतो. नाव घेतलं तर माणूस भांडू तरी शकतो. नाव घेतलं नाही की त्याने पाटीशी भांडायचं का? मंडळाकडून जे केळी-संत्री-भुईमूग मिळणार होतं त्याच्या यादीतही साल नसलेलं काही नव्हतं. यादी मीच लिहिली. लिहिताना ते माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

निरोप द्यायलाही मीच गेलो. वस्तीच्या तोंडाशी पारबतामाय गोवऱ्या थापत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं की मंडळाने असा असा नियम केला आहे, पण शेंगा चालतील, पूर्वीसारख्या, निंबाखाली. तिने हात धुतले नाहीत, शेणाचे हात तसेच धरून ती ऐकत राहिली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं की हे भैयाजीनं सांगतलं का तुम्ही. मी म्हटलं, मंडळाने. ती मान हलवून पुन्हा गोवरी थापू लागली.

दुसऱ्या दिवशी पाटी कुंपणाच्या दारावर लागली. मैदानावर बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे. अक्षर सुरेख आलं होतं. खेळायला आलेली पोरं पाटीकडे न पाहता आत जात होती. श्रावण आला आणि थांबला. त्याची वाचायची रीत अजून बोट फिरवून वाचायची होती. त्याने एकेक अक्षरावरून बोट नेलं, ओठ हलत होते. ‘खाद्य’पाशी बोट थांबलं. मी बाकाशेजारी उभा होतो, तिथून त्याची पाठ मला दिसत होती.  मग वळून माझ्याकडे आला.

“हा ख तुमचा हाये, मास्तर,” तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

“याच अक्षरावर मी वाचाले शिकलो. वाचता आलं नसतं तं बरं होतं. मायले सांगतलं असतं का पाटीवर दुसरंच काही लिवलं असन.”

आवाज चढलेला नव्हता. त्याने पायातल्या वहाणा काढल्या नव्हत्या, त्या तशाच फरफटवत तो बाहेर पडला. त्याच्या मागोमाग वस्तीतले बाकीचे पाच जण बाहेर पडले. चपळ, मजबूत गडी होते सगळे. त्या संध्याकाळी आम्ही आठ जण उरलो, आणि भैयाजींनी पाठवलेला केळीचा घड बाकावर पडून होता.

संक्रांतीचे सामने झाले. ज्या चार घरांसाठी एवढं केलं त्यांची पोरं आली, नवे सदरे घालून आली. आर्वीच्या संघाने आम्हाला असं लोळवलं की पाहणारे लोक अर्ध्यातून उठून गेले. कोणी दम धरून मध्यरेषा ओलांडायलाच तयार नव्हतं. खेळ संपल्यावर केळी वाटली गेली. मैदानभर साली पडल्या आणि त्यांवर माश्या बसल्या. भैयाजी बाकावर एकटे बसले होते. त्या दिवशी त्यांनी दोन्ही वेळचं जेवण सोडलं असं नंतर कानावर आलं. त्याने कोणाचं काय भलं झालं कोण जाणे. पारबतामाय निंबाखाली शेंगा घेऊन पुन्हा कधी आली नाही. मैदानही फार दिवस टिकलं नाही. पुढच्या साली तिथे कापसाच्या गाठी रचायला लागले, हुतुतूच्या रेघा बैलांच्या खुरांखाली गेल्या. पाटीचं काय झालं मला माहीत नाही.

पुढचा पौष आला तेव्हा माझी देवळीच्या शाळेवर बदली झाली होती. सेलू सोडायच्या आदल्या दिवशी मी वस्तीत गेलो. वर्षभर जायचं राहिलं होतं, म्हणजे मी टाळलं होतं. वाटेत चालता चालता मी वाक्य घोळवत होतो. माय, मला सोले द्या, मी खायला आलो आहे. एवढंच म्हणायचं होतं, माफीबिफी सगळी त्यातच यायची होती. तुरीची शेतं दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकली होती. मला आठवतं, मी अगदी भुकेला गेलो होतो. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं.

श्रावण घरी नव्हता. नागपूरला गिरणीत लागला होता, हुतुतू खेळतो का विचारलं तर पारबतामाय म्हणाली, तिथे कुठं खेळते. तिने खाट टाकली, लोट्यात पाणी दिलं. मी ते प्यालो, घटाघटा, तिला दिसेल असं.  आत चुलीवर सोले शिजत होते. लसणाचा तोच वास, आणि कढईतली चरचर. तिच्या बहिणीची पोरं आत पाटावर बसली होती. मी वाक्य जिभेवर आणलं. ती म्हणाली, बसा मास्तर, तुमाले खाल्ल्याबिगर जाऊ देत नाई, आणि आत गेली. मला वाटलं, मला बोलावंच लागणार नाही, आपोआपच होईल. मी वाट पाहत बसलो. मला आठवतं की मी खुश होतो.

बराच वेळ लागला. मग ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेची थाळी होती, घासून लख्ख केलेली, आणि थाळीत उकडलेल्या शेंगा होत्या. अखंड, वाफ निघणाऱ्या. आत भाजी तयार असताना तिने माझ्यासाठी दुसऱ्या चुलीवर वेगळ्या शेंगा उकडल्या होत्या. त्यासाठी तेवढा वेळ लागला होता.

“तुमच्यासाठी शेंगाच उकडल्या,” ती म्हणाली. “तुमाले सालीचं चालते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी तिथेच रडलो असतो, काही बोललो असतो. ती मायेने बोलली. पाहुण्याला काय चालतं, काय चालत नाही याची एखादी बाई जशी आठवण ठेवते, तशी तिने माझी ठेवली होती. आत पोरं भाकरीशी सोले खात होती. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं नाही. आता या क्षणी मागायचं तर तिच्या हातची ही थाळी बाजूला सारावी लागली असती, आणि ती सारायला मला कोणत्या तोंडाने जमलं असतं? मी एक शेंग उचलली. सोलली. दाणे तोंडात टाकले. मीठ बरोबर होतं.

ती समोर जमिनीवर बसून माझ्याकडे पाहत होती. मी सगळ्या शेंगा खाल्ल्या, एकही ठेवली नाही. साली थाळीत नीट एका कडेला केल्या. मग उठलो, येतो म्हणालो, आणि रस्त्याला लागलो.